शेवाळे बाईंचा जबाब

शेवाळे बाई कोणालाही बोलता बोलता थांबवत. समोर विद्यार्थी असो, शिपाई असो की विभागप्रमुख, त्या उजव्या हाताचं बोट जरासं वर करत आणि विचारत, "हे तुम्हांला माहीत आहे, तुम्हांला वाटतंय, की कोणी सांगितलंय?" माणूस गडबडून जायचा. पहिल्या दिवशी मीही गडबडले. बाईंनी ओळख करून द्यायला सांगितली होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, मी मांजरी गावची, आमचं घराणं गावात सर्वांत जुनं. बोट वर झालं. मी थोडा विचार करून म्हणाले, "आजोबांनी सांगितलंय."

"मग तसं म्हणा. आजोबांची हरकत नसावी. बसा, कदम."

त्या आम्हां सगळ्यांना अहो-जाहो करत. तोवर मला कोणी अहो म्हटलं नव्हतं. घरात मी सुवर्णी होते, आणि सुवर्णीला काय वाटतं हे विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

तत्त्वज्ञानाकडे मी काही ठरवून गेले नव्हते. लोणी काळभोरच्या कॉलेजातून बी.ए. झालं, एम.ए.साठी इतिहासाच्या यादीत नाव लागलं नाही, आणि तत्त्वज्ञानाच्या जागा रिकाम्या होत्या. घरात लग्नाची बोलणी चालली होती, ती दोन वर्षं लांबतील एवढाच माझा विचार. थोरला भाऊ सागर म्हणाला, "तत्त्वज्ञान शिकून काय कीर्तन करणार हाय का?" अण्णा, म्हणजे आमचे वडील, शिकू दे म्हणाले आणि विषय संपला.

वर्गात आम्ही सातजण. त्यातल्या एकाने पहिल्याच आठवड्यात बाईंना विचारलं, या विषयाचा पुढे उपयोग काय. बाई म्हणाल्या, "उपयोग हवा असेल तर पलीकडच्या इमारतीत व्यवस्थापन शिकवतात. तिथले पंखेही चालतात." आम्ही हसलो. मग त्यांनी खडू ठेवला आणि सांगितलं, की इथे दोन वर्षांत एकच काम शिकायचं आहे. मनात आलेलं वाक्य तोंडाबाहेर पडण्याआधी अडवायचं आणि तपासायचं. त्याने नोकरी लागेल असं नाही, आणि घरचे खूश होतील असं तर मुळीच नाही.

बाई तेव्हा पंचावन्नच्या होत्या. बुटक्या, मानेवर कापलेले पांढरे केस, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. लग्न केलेलं नव्हतं. खडकीत दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. त्यांचे वडील ओतकामाच्या एका लहानशा कारखान्यात कामगार होते. एक दिवस वितळलेल्या लोखंडाचं भांडं कलंडलं आणि छातीपासून गुडघ्यापर्यंत भाजून ते पाचव्या दिवशी गेले. चौकशीत तिघा सोबत्यांनी लिहून दिलं, की ते दारू पिऊन कामावर आले होते. तिघांपैकी एकही त्या वेळी तिथे नव्हता. मुकादमाने सांगितलं आणि त्यांनी सह्या केल्या. बाई हे आम्हांला ज्ञानमीमांसेच्या तासाला सांगत, म्हणजे माणसाला काहीतरी 'माहीत आहे' असं केव्हा म्हणावं या प्रश्नाच्या तासाला. आवाज जराही हलत नसे. "ते तिघे वाईट नव्हते," त्या म्हणत. "आमच्याकडे जेवायला येत."

मी त्यांची पुस्तकं पोचवायला खडकीला जायला लागले होते. असंच एकदा बाजारात आम्हांला गर्दी दिसली. रंगकाम करणाऱ्या एका माणसाला पंधरा-वीसजण मारत होते. त्याच्या सदऱ्यावर रंगाचे आणि रक्ताचे डाग एकमेकांत मिसळले होते. एकजण हेल्मेटने त्याच्या तोंडावर मारत होता, आणि प्रत्येक फटक्याला नारळ आपटल्यासारखा आवाज येत होता. मोबाइल चोरला म्हणत होते. मी बाईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवला, गर्दीत शिरल्या आणि हेल्मेटवाल्याला विचारलं, "तुम्ही पाहिलंत चोरताना?" त्याने मागच्याकडे बोट केलं. बाई मागच्याकडे गेल्या. त्याने तिसऱ्याकडे. एक कोपर त्यांच्या बरगडीत बसलं, पण त्या सहा-सात जणांपर्यंत विचारत गेल्या, आणि ज्याला विचारलं तो मारायचा थांबला. पाहिलेलं कोणीच नव्हतं. आम्ही त्या माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. परतताना मी म्हणाले, बिचारा निर्दोष होता. बाई बरगडी चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. चोरला असेलही. त्यांनाही माहीत नव्हतं, एवढंच मी विचारलं."

त्या वेळी मला ते फार कोरडं वाटलं.

दुसऱ्या वर्षी, उसाला तोड लागायच्या सुमारास, आमच्या घरावर तशीच वेळ आली. कालव्याकडेची आमची जमीन आणि चुलत्यांची जमीन लागून. भोवती सगळीकडे टॉवर उभे राहिले होते, आणि एका बिल्डरला दोन्ही तुकडे एकत्र हवे होते. अण्णा विकायला तयार नव्हते. चुलत्यांचे तीन मुलगे होते. महेश आणि गणेश शेतीवर, आणि धाकटा किरण खराडीच्या आयटी कंपनीत. त्या सकाळी महेश आणि गणेश जेसीबी घेऊन बांध फोडायला आले. मी अण्णांचा चहा घेऊन शेतात पोचत होते. अण्णा जेसीबीच्या पुढ्यात उभे होते. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. महेशने कमरेमागून कोयता काढला. पहिला वार खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येताना अण्णांनी डावा हात वर केला, आणि तीन बोटं ढेकळांत पडली. गणेश खाली पडलेल्या अण्णांच्या पाठीवर वार करत होता, उसाचं खोडवं छाटावं तसा, खाली वाकून, घाई न करता. मी किंचाळले असेन. चहा माझ्या पायावर सांडला होता हे मला दवाखान्यात पायाला फोड आल्यावर कळलं.

अण्णा वाचले. शस्त्रक्रिया चालू असताना सागरने मला जिन्याखाली नेलं. पोलीस जबाब घ्यायला येणार होते, आणि पाहणारी मी एकटी. जेसीबीवाला मशीन तिथेच टाकून पळाला होता. सागर म्हणाला, की किरणचंही नाव घ्यायचं, तो बांधावर उभा राहून 'मारा' म्हणत होता असं सांगायचं. मी म्हणाले, किरण तिथे नव्हता. तो म्हणाला, "त्या दोघांना एवढी अक्कल हाय का? डोकं त्याचंच हाय. तो सुटला तर पुढच्या खेपेला अण्णा जिवंत राहत नाहीत." आईने माझे पाय धरले. आईने पाय धरल्यावर मुलीचं काय होतं, ते मी सांगू शकत नाही.

मी बाईंना फोन केला. त्या स्कूटरवरून हडपसरच्या दवाखान्यात आल्या आणि बाकावर माझ्याशेजारी बसल्या. मी सगळं सांगितलं.

"किरणचा हात असेल असं तुम्हांला वाटतं?"

"वाटतं."

"मलाही वाटतं. आता तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

मी पाहिलेलं सांगितलं. जेसीबी, बांध, कोयता, बोटं. सांगता सांगता मला उलटी झाली. बाईंनी पाणी दिलं, पदराने माझं तोंड पुसलं आणि त्या उठल्या. असं कर, तसं कर, काहीच म्हणाल्या नाहीत. तासाभराने हवालदार आला. मी त्याला दोन नावं दिली. किरण होता का, असं त्याने स्वतःहून विचारलं. मी नव्हता म्हणाले.

सागरने मला दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात गाठलं. ठिबक सिंचनाचा जाड पाइप होता त्याच्या हातात. तो मारत होता आणि रडत होता. गळ्याजवळचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले. आई दारात उभी होती. ती मध्ये पडली नाही. मी एका हाताने दुसरा हात धरून रस्त्यावर आले, रिक्षा केली आणि खडकीचा पत्ता सांगितला.

बाईंनी मला ठेवून घेतलं. त्यांनी स्वतःची खाट मला दिली आणि सतरंजी अंथरून त्या खाली झोपू लागल्या. दात गेल्यामुळे मला चावता येत नव्हतं, तर रोज मऊ भात करत, आणि मी जेवत असताना समोर बसून माझ्या प्रबंधिकेतल्या चुका काढत. मी एकदा चिडून म्हणाले, की मला बोलताही येत नाही आणि तुम्ही अनुमानातल्या चुका सांगता. "बोलता येत नाही तेव्हाच सांगून घेते," त्या म्हणाल्या. "एरवी तुम्ही वाद घालता."

आठव्या दिवशी सकाळी सागर दोन मित्रांना घेऊन आला. मी मोरीच्या दाराशी होते. बाईंनी दार उघडलं. सागर त्यांना थेरडे म्हणाला, आमचं घर फोडलंस म्हणाला. बाई म्हणाल्या, "आधी आवाज खाली करा, मग आत या." मित्रांपैकी एकाने पुस्तकांची मांडणी ओढून पाडली. बाई फोन उचलायला वळल्या. सागरच्या हातात लोखंडी पाना होता. त्याने तो मागून त्यांच्या डाव्या कानावर मारला. त्या ओट्यावर आपटल्या आणि खाली बसल्यासारख्या पडल्या. सागरने आणखी एकदा मारलं. मग मित्रांनीच त्याला ओढत नेलं. बाईंच्या कानातून रक्त येऊन पुस्तकांखाली जात होतं, आणि मी दुखऱ्या हाताने पुस्तकं बाजूला करत होते.

त्या तीन दिवस बेशुद्ध होत्या. डावा कान कायमचा गेला, आणि तोल जाऊ लागला. शुद्धीवर आल्यावर निरीक्षक जबाब घ्यायला आले तेव्हा मी खोलीत होते. बाईंनी सांगितलं, की तिघे आत आले, त्यांतला सागर कदम त्यांना ठाऊक होता, त्याने शिव्या दिल्या. मग त्या फोनकडे वळल्या आणि मागून मार बसला. कोणी मारलं हे त्यांनी पाहिलं नाही. निरीक्षक वैतागले. म्हणाले, मॅडम, तोच होता हे उघड आहे, मी तुमच्या भल्यासाठी विचारतोय. बाई म्हणाल्या, "माझ्या भल्यासाठी विचारताय म्हणूनच नीट सांगते आहे. लिहा, पाहिलं नाही."

मारताना मी पाहिलं होतं.

त्याच संध्याकाळी आई दवाखान्याच्या फाटकाशी आली. पंधरा दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती. तिचं म्हणणं सरळ होतं. जिला लागलं ती बाई नाव घेत नाही, मग तू कशाला घेतेस. भावकीने नवऱ्याची बोटं नेली, आता मुलगा तूच ने.

मी वर जाऊन बाईंवर ओरडले. तुम्ही सुटलात, म्हणाले. पाठ फिरवलीत आणि सुटलात, आता सगळं माझ्यावर. बाईंच्या डोक्याला बांधलेलं होतं, एक डोळा सुजून मिटला होता. त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला आणि पुन्हा बोलायला सांगितलं. मी पुन्हा बोलले, हळू.

"मला त्याचा राग आहे," त्या म्हणाल्या. "त्याला उलटा टांगलेला पाहायला मला आवडेल. हे मी निरीक्षकांना सांगितलं असतं, पण त्यांनी ते विचारलं नाही."

"मग मी काय करू?"

"ते मला विचारू नका, कदम. त्याने माझं डोकं फोडलंय. मी तटस्थ नाही."

मी रात्रभर जागी होते. सकाळी चौकीवर गेले आणि सागरने दोन वेळा मारलं, पान्याने, मागून, असा जबाब दिला. त्यानंतर मी मांजरीच्या घरी राहायला गेलेली नाही.

दोन्ही खटले अनेक वर्षं चालले. सागरच्या वकिलाने बाईंना पिंजऱ्यात विचारलं, आपण तत्त्वज्ञान शिकवता, तर सत्य म्हणजे काय ते कोर्टाला सांगा. लोक हसले. बाई म्हणाल्या, "त्याला दोन सत्रं लागतात. कोर्टाला वेळ असेल तर मी तयार आहे. त्या दिवशी घरात काय झालं ते मात्र पाच मिनिटांत सांगता येईल." न्यायाधीशांनी वकिलांना पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.

सागरला तीन वर्षांची शिक्षा झाली. अण्णांच्या खटल्यात चुलत्यांच्या वकिलाने मला दीड दिवस उभं केलं. घरच्यांनी पढवलेली साक्षीदार म्हणून माझा जबाब उडवायचा त्याचा बेत होता, पण त्यात मी न पाहिलेलं काही नव्हतं, म्हणून त्याला पकडायला जागा मिळाली नाही. महेश आणि गणेश आत गेले. आणि त्याच खटल्यात, किरणशी बिनसल्यावर, महेशने उठून सांगितलं, की कोयते किरणने आदल्या दिवशी आणून दिले होते आणि हात तोडा असं तोच म्हणाला होता. पुढे किरणलाही पकडलं.

म्हणजे सागरचं बरोबर होतं. ज्यासाठी माझे दात गेले आणि बाईंचा कान गेला, ते खरं होतं. मी त्याच दिवशी खडकीला गेले आणि बाईंना हे सांगितलं. त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "त्याचं बरोबर होतं. पण त्याला ते माहीत नव्हतं."

मी म्हणाले, हा फरक माझ्या बापाच्या हाताला समजावून सांगा. आणि निघून आले.

चार महिने मी गेले नाही. तोवर मला कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती. एका दुपारी अण्णा तिथे आले. उरलेल्या दोन बोटांत पिशवी धरून ते फाटकापाशी उभे होते. म्हणाले, की एक विचारायचं होतं. तू तेव्हा किरणचं नाव घेतलं असतंस, आणि तो त्या वेळी कंपनीत होता हे त्यांनी दाखवलं असतं, तर बाकीचे दोघेही सुटले असते का. मी म्हणाले, वकील तसं म्हणतात. अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी पिशवीतून ऊस काढले, सोलून तुकडे केलेले, आणि म्हणाले, "हे तुझ्या बाईंना दे. दात हायेत ना त्यांना?"

मी ऊस घेऊन गेले. बाईंनी चार महिन्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुकडा चघळत म्हणाल्या, "वडिलांच्या हाताला काय सांगायचं, असं त्या दिवशी तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर मला अजून आलेलं नाही. आलं की कळवीन."

सागर सुटून आला तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. तो एकटाच आला. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. त्याला दारात पाहून मी उठून उभी राहिले. बाईंनी त्याला आधी दोन्ही हात दाखवायला सांगितले, मग बसायला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या काठावर बसला. मग म्हणाला, "मीच मारलं तुम्हांला. दोनदा."

"कोर्टाने कळवलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत ते बरं झालं."

त्याने माफी मागितली. बाईंनी माफ केलं नाही. म्हणाल्या, अजून तसं वाटत नाही, आणि वाटत नसताना म्हणणार नाही, पण चहा घेऊन जा. तो पुढे महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिला. गिरणीतून दळण आण, गळका नळ बघ, अशी कामं करायचा. बाई त्याला अहो कदम म्हणत, आणि आम्ही दोघं असलो की कोणाला हाक मारली ते कळत नसे. माफ केल्याचं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

यंदा उन्हाळ्यात बाई जिन्यावर तोल जाऊन पडल्या आणि दवाखान्यात पोचण्याआधी गेल्या. विद्यापीठातले जुने सहकारी आले, आम्हां सातांपैकी पाचजण आलो. जवळचं नातेवाईक असं कोणी नव्हतं. सागर सकाळपासून लाकडं, गाडी, दाखला सगळं बघत होता. खडकीच्या अरुंद गल्लीतून आम्ही तिरडी घेऊन निघालो. पुढच्या उजव्या खांद्याला तो होता, डाव्या खांद्याला एक वृद्ध प्राध्यापक. चालता चालता त्या प्राध्यापकांनी आदराने विचारलं, "आपण बाईंचे कोण?"

सागरने मान वळवली नाही. "मी त्यांना मारलं होतं," तो म्हणाला.

प्राध्यापक काही क्षण अडखळले. मग त्यांनी पाऊल पुन्हा त्याच्या पावलाशी जुळवलं, आणि गाडी उभी होती त्या पुलापर्यंत दोघांपैकी कोणीच आपली खांद्याची जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही.